भांडणाला किती टीबी?

सोसायटीत चोरी झाली की 'काय गेलं?' असं कुणी विचारत नाही. 'कॅमेऱ्यात बघा,' असं म्हणतात. आमच्याकडे चोरी झाली ती सोनचाफ्याच्या फुलांची. पहाटे अंधारात कुणीतरी कंपाउंडमधल्या झाडाची फुलं खुडून नेत होतं आणि तळमजल्यावरच्या आजींच्या देवांना बाजारच्या शेवंतीवर भागवावं लागत होतं. "कॅमेऱ्यात बघा," आजी म्हणाल्या.

जिन्याखाली टीव्ही आहे. त्यावर आठ चौकोन दिसत होते. गेट होतं, पार्किंग होतं, चाफाही होता. पाचव्या चौकोनात नेहमीचा कोळी होता. अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्याभोवती इन्फ्रारेडचे दिवे असतात. त्यांच्याकडे किडे येतात आणि किड्यांसाठी कोळी येतो. हा कोळी म्हणजे सोसायटीतला सर्वांत जास्त चित्रीकरण झालेला रहिवासी, असा आमचा समज होता.

समज एवढ्यासाठी म्हणायचं, की चित्रीकरण होतच नव्हतं. सेक्रेटरींनी कालची तारीख टाकली, मशीनमध्ये काही नाही. परवाची टाकली, तेव्हाचंही नाही. आतल्या बटणाएवढ्या सेलने मान टाकलेली असल्यामुळे मशीनच्या मते त्या दिवशी तारीख होती १ जानेवारी २०००.

"तेव्हा ही बिल्डिंगच नव्हती," ४०२चे काका म्हणाले. "इथे ज्वारी होती."

हार्डडिस्क केव्हाच गेली होती. डिस्क गेली की डीव्हीआर, म्हणजे ते रेकॉर्डिंगचं मशीन, सतत पीं-पीं करून सांगतो. आमच्यानेही इमानदारीने सांगितलं होतं. पण पहिल्या मजल्याची झोपमोड होते अशी तक्रार आली, कुणीतरी सेटिंगमध्ये जाऊन तो आवाज बंद केला आणि 'तक्रारीचे निवारण झाले' अशी इतिवृत्तात नोंद झाली. तेव्हापासून आमची सोसायटी फक्त थेट प्रक्षेपणावर चालली होती.

नवा डीव्हीआर घ्यायचं ठरलं आणि तो निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी मराठीचा मास्तर. पण गेल्या दिवाळीत चेअरमनांच्या मोबाइलवरची अक्षरं मोठी करून दिल्यामुळे सोसायटीतला तांत्रिक माणूस म्हणून माझी ख्याती झाली आहे. घरी या ख्यातीची कुणाला कल्पना नाही. घरी मी राउटरला हात लावला तरी मुलगी म्हणते, "बाबा, प्लीज."

आधी गरज काय ते विचारून घ्या, असं कुठंतरी वाचलं होतं, म्हणून घरोघर जाऊन विचारलं. ३०२च्या वहिनींना २०१कडे रात्री कोण येतं ते स्पष्ट दिसायला हवं होतं. २०१ला गॅलरीतून खाली चहाचा चोथा कोण टाकतं ते हवं होतं आणि बोलताना त्यांची मान आपोआप वर, ३०२कडे जात होती. १०४ला आपल्या पार्किंगच्या रेषेवर ३०३चं चाक किती बोटं येतं ते मोजता येईल असा कॅमेरा हवा होता. चोराचं नाव कुणीच काढलं नाही. तो बाहेरचा माणूस, त्याच्याशी कुणाचं काय वैर असणार?

या बाबतीत अमेरिकेतल्या एका बाईंचा हेवा वाटतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या नर्स. रात्री-बेरात्री घरी एकट्या असायच्या, बोलावलं तरी पोलीस लवकर यायचे नाहीत. म्हणून त्यांनी दाराला चार भोकं, त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा आणि घरात टीव्ही अशी यंत्रणा आखून १९६६मध्ये पेटंटचा अर्ज केला. १९६९मध्ये पेटंट मिळालंही. समिती फक्त दोघांची, त्या आणि त्यांचे यजमान. दारात कोण आलंय एवढंच बघायचं होतं. समोरच्यांच्या दारात कोण आलंय, हा मुद्दा त्यांच्या अर्जात नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या आयटीतल्या मुलाने मिटिंगमध्ये बॉम्ब टाकला. "अंकल, डीव्हीआर कोण घेतं आता? एनव्हीआर घ्या. आयपी कॅमेरे, कॅट-सिक्स केबल. एकाच वायरीतून चित्रही येतं आणि कॅमेऱ्याला वीजही मिळते." सगळे भारावले. एका वायरीत दोन कामं म्हटल्यावर खजिनदारांचे डोळे पाणावले. ठराव लिहायला घेतला तेवढ्यात चेअरमन म्हणाले, "एकदा तपकीर गल्लीत विचारून या."

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दुकानदाराने मला मेगापिक्सेल विचारले नाहीत, कंपनी विचारली नाही. समोसा खाली ठेवून तो म्हणाला, "भिंतीत वायर कुठली आहे ते सांगा. मशीन मी सांगतो."

"काळी, गोल, जाड आहे," मी म्हणालो. "टोकाला पितळी फिरकी."

"म्हणजे कोअॅक्सिअल आणि बीएनसी. बिल्डरने घातलेली. मग डीव्हीआर घ्या. एनव्हीआर पाहिजे असेल तर कॅमेरे बदला, वायर बदला, भिंती फोडा."

मी हे मिटिंगमध्ये सांगितलं. भिंती म्हटल्यावर ४०२चे काका उठून उभे राहिले. जिन्याचा रंग गेल्याच वर्षी त्यांच्या देखरेखीखाली झाला होता आणि त्या रंगाला कुणी टेकलं तरी ते वरून खाकरतात. एनव्हीआरचा विषय तिथेच संपला. तंत्रज्ञानाच्या कुठल्याही वादात शेवटचं मत भिंतीचं असतं, हे त्या आयटीतल्या मुलाला कुठल्याच कॉलेजात शिकवलेलं नव्हतं.

दुकानदाराचा दुसरा प्रश्न कॅमेरे किती, हा होता. तो सोपा. तिसऱ्याने मात्र सोसायटी हलली: "रेकॉर्डिंग किती दिवसांचं ठेवायचं?"

३०३चे साहेब बँकेतून निवृत्त. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा, एच.२६४ पद्धत, सेकंदाला चार मेगाबिट धरले तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे ४३ जीबी. आठ कॅमेऱ्यांचे साडेतीनशेच्या जवळपास. २ टीबीची डिस्क सहाव्या दिवशी भरणार आणि मशीन सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं लिहायला लागणार.

"सहा दिवस?" १०४ ओरडले. "आपलं पार्किंगचं प्रकरण मार्चपासून चालू आहे!"

"फेब्रुवारीपासून," ३०३ शांतपणे म्हणाले. माणूस हिशेबाला पक्का.

मग मिटिंगमध्ये भांडणांची वयं निघाली. लिफ्टचं दार उघडं टाकण्याचं भांडण दोन दिवसांत विरतं. एसीच्या पाण्याचं उन्हाळाभर पुरतं. वरच्यांच्या मुलाच्या तबल्याचं परीक्षेपासून परीक्षेपर्यंत चालतं. आणि गणपतीच्या वर्गणीचं गणपती ते गणपती, मध्ये खंड नाही. ३०३ साहेबांनी तेही मांडलं. आठ कॅमेरे, ३६५ दिवस: १२६ टीबी.

"बापरे," खजिनदार म्हणाले.

"एच.२६५ घेतलं तर साधारण निम्म्यात बसतं," मी दुकानदाराकडून शिकलेलं सांगितलं. "६३."

"आणि वर्गणी निम्मी केली तर?" मागून कुणीतरी विचारलं. त्यावर जे झालं त्यालाच दोन-तीन जीबी लागले असते.

जागा वाचवायचे मार्ग दुकानदाराने कागदावर लिहून दिले होते. एक, सेकंदाला पंचवीसऐवजी बारा फ्रेम घ्यायच्या. त्यावर २०१ म्हणाले, "आणि चोथा नेमका मधल्या फ्रेमला पडला तर?" दुसरा मार्ग असा, की हालचाल असेल तेव्हाच रेकॉर्डिंग करायचं. हा सर्वांना आवडला. पण पाचव्या कॅमेऱ्यातला कोळी क्षणभर बसत नाही, म्हणजे तिथे चोवीस तास कोळीपुराण चालणार. जाळं काढायचं तर शिडी लागते आणि शिडी कुणाच्या खर्चाने आणायची हा मुद्दा वार्षिक सभेसमोर आहे. "गेटवरच्या केबिनमधल्या कॅमेऱ्याची मात्र बरीच जागा वाचेल," सेक्रेटरी म्हणाले. वॉचमन मामा दारातच उभे होते. ते छताकडे बघायला लागले.

शेवटी ४ टीबीवर तडजोड झाली. एच.२६५मध्ये तेवीस दिवस. त्याबरोबर पोटठराव झाला, की तेवीस दिवसांत जे भांडण लेखी आलं नाही, ते मिटलं असं सोसायटी समजेल. चोविसाव्या दिवशी आठवलेल्या अपमानाचं काय, असा आक्षेप १०४ने नोंदवला. तो मिनिट्समध्ये आहे.

२०३च्या आजोबांनी डिस्कचा खर्च वाचवायचा मार्ग काढला. "आमच्या नातवाच्या जुन्या कॉम्प्युटरची आहे की! चांगली चालू आहे." मी समजावलं की ही डिस्क रात्रंदिवस लिहीत राहणार, त्यासाठी कॅमेऱ्यांची वेगळी डिस्क मिळते, साधी त्यात लवकर थकते. "माणसानं रात्रंदिवस लिहू नये हे खरं," आजोबांनी माझ्याकडे बघून म्हटलं. माझं लिखाण असलेला एक दिवाळी अंक त्यांच्याकडे आहे. "पण डिस्क घ्या. फक्त त्यात नातवाच्या मुंजीचे फोटो आहेत, ते तसेच राहू द्या." डीव्हीआर डिस्क पोटात घेतो तो आधी फॉरमॅट मारून, पार कोरी करून, हे ऐकल्यावर त्यांनी डिस्क धोतराच्या सोग्यात गुंडाळली आणि सभात्याग केला.

नियमाप्रमाणे तीन कोटेशनं मागवली. तीन वेगळे लेटरहेड, तीन वेगळे पत्ते, आणि तिन्हींत 'सोबत ४ टीबी हार्दिक' असं छापलेलं. हार्डडिस्कचं हार्दिक झालं होतं, तिन्हीकडे, त्याच ओळीत. चेअरमनांनी तिन्ही बारकाईने वाचून मधलं सर्वांत वाजवी असल्याचा निर्वाळा दिला.

त्या वाजवी कोटेशनमधला डीव्हीआर मात्र ३०१च्या बाईंनी पकडला. बाई शाळेत गणित शिकवायच्या. पेपरातली पुसट उत्तरं वाचण्यात हयात गेलेली. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "१०८०च्या पुढे हे एन काय आहे?"

"काही नाही मॅडम, एका अक्षराचा फरक," कॅमेरेवाला म्हणाला.

"अक्षराचा नाही. १०८०पी म्हणजे रुंदीला १९२० ठिपके. तुमच्या या एनमध्ये ९६० आहेत. खालीच लिहिलंय, बारीक."

कॅमेरेवाला कसनुसा हसला. "रेकॉर्ड करताना जरा दाबतो, दाखवताना परत ताणतो. काही कळत नाही."

"ताणतो?" ३०२च्या वहिनी सावध झाल्या. "म्हणजे गेटमधून जाताना मी कशी दिसणार?" एरवी ज्यावर तासभर चर्चा झाली असती तो पूर्ण १०८०पीचा खर्च त्या एका वाक्यावर मंजूर झाला.

एवढ्यात वकील काका बोलले. आमच्या सोसायटीत ते फार कमी बोलतात आणि बोलल्यावर काम थांबतं. "हे रेकॉर्डिंग कोर्टात चालणार का?"

"चाफ्याच्या फुलांसाठी कोर्टात कोण जातंय?" सेक्रेटरी म्हणाले.

"असंच सगळे म्हणतात. जालना माहीत आहे?" मग त्यांनी सांगितलं. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात एका उमेदवाराचा अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, असा वाद झाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण पुरावा म्हणून पुढे आलं. ते प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०२०मध्ये कोर्टाने सांगितलं, की मूळ यंत्रच कोर्टासमोर हजर करत नसाल तर चित्रणासोबत प्रमाणपत्र हवंच. "१ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे त्याला. ठरलेला नमुना आहे. सही लागते."

"कुणाची?"

"एका तज्ज्ञाची, आणि यंत्र ज्याच्या ताब्यात, त्याची."

इथवर डीव्हीआर आपल्याच घरी ठेवावा असं चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार या तिघांचंही आग्रहाचं म्हणणं होतं. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, आमच्याकडे धूळ नसते, आमची ही दिवसभर घरीच असते. कलम ६३ ऐकल्यावर तिघांच्याही घरी एकदम जागा कमी पडायला लागली. खजिनदारांकडे पाहुणे येणार होते. कायमचे.

म्हणून डीव्हीआर जिन्याखालीच, लोखंडी पेटीत, कुलपात ठेवायचं ठरलं. "पण हल्लीचे चोर जाताना डीव्हीआरच उचलून नेतात," कॅमेरेवाला म्हणाला. हे त्याचं खरं होतं.

चेअरमन विचारात पडले. मग म्हणाले, "डीव्हीआरवरच एक कॅमेरा लावू."

"त्याचं रेकॉर्डिंग कुठे होणार?" मी विचारलं.

"डीव्हीआरमध्ये."

"म्हणजे डीव्हीआर कुणी नेला, हे डीव्हीआरमध्ये असेल."

"बरोबर. डीव्हीआर सापडला, की कुणी नेला ते लगेच कळेल."

मी आजूबाजूला पाहिलं. सगळे माना डोलावत होते. ३०३ साहेबसुद्धा. एकमताने मंजूर झालेला आमच्या सोसायटीच्या इतिहासातला हा एकमेव ठराव आहे.

आता झाले नऊ कॅमेरे. डीव्हीआर चार, आठ, सोळा, बत्तीस अशाच मापात येतात. आठचा झाला लहान, तेव्हा सोळाचा घेणं आलं. तेवीस दिवसांचे साडेवीस झाले आणि पोटठरावात दुरुस्ती करावी लागली. त्याहून मोठं संकट म्हणजे मशीनच्या पाठीमागे सात रिकामी भोकं उरली. पैसे भरलेले असताना भोक रिकामं राहणं मराठी माणसाला बघवत नाही. दुसऱ्या दिवसापासून अर्ज सुरू झाले. २०१ने वर बघणारा कॅमेरा मागितला. ३०२ने लगोलग खाली बघणारा मागितला. २०३च्या आजोबांचं म्हणणं होतं, की मुंजीचे फोटो एका चॅनलवर चालू ठेवावेत.

डीव्हीआर बसला. पासवर्डचा प्रश्न आला. "ॲडमिन, एक-दोन-तीन-चार-पाच ठेवू का? सगळीकडे तोच असतो," कॅमेरेवाल्याचा पोरगा म्हणाला. यावर आयटीतल्या मुलाला अखेर बोलायची संधी मिळाली. २१ ऑक्टोबर २०१६ला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स अशा मोठमोठ्या साइट काही तास धडपडत होत्या. मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर असेच कंपनीचे मूळ पासवर्ड वापरून ताब्यात घेतले होते आणि त्या सगळ्यांनी मिळून या साइट ज्या कंपनीवर अवलंबून होत्या तिच्या सर्व्हरवर एकदम धाव घेतली होती.

"म्हणजे," चेअरमन सावकाश म्हणाले, "आपल्या जिन्याखालच्या डब्यामुळे अमेरिका बंद पडू शकते?"

त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मी तर म्हणेन अभिमान होता. आयटीतल्या मुलाने मोठी, छोटी, आकडे, चिन्हं घालून चौदा अक्षरांचा पासवर्ड करून दिला. तो कुणाच्याच लक्षात राहिना, म्हणून मामांनी तो मार्करने लोखंडी पेटीवर लिहून ठेवला. पेटीसमोर कॅमेरा आहेच. त्यामुळे पासवर्ड हवा असेल तर खाली उतरावंही लागत नाही, नवव्या चौकोनात स्पष्ट वाचता येतो. १०८०पीचा फायदा.

मोबाइलवर दिसायची सोय फक्त तीन पदाधिकाऱ्यांना द्यायची असं ठरलं होतं, कारण खूप जण एकदम बघायला लागले की चित्र अडकतं. चेअरमनांनी ती त्यांच्या सौंना दिली, सौंनी भिशीत दिली. जेवणाआधी पुढच्या मालिकेला वेळ असेल तर बायका आता गेट बघतात. ४०२च्या काकूंनी ती न्यू जर्सीच्या मुलाला दिली. त्याला घरची आठवण येते, म्हणाल्या. अंगण तरी दिसेल.

अंगण त्याने दोन दिवस बघितलं. मग त्याला केबिन दिसली. इथे मध्यरात्र असते तेव्हा तिकडे दुपार असते, आणि तो घरून काम करतो. त्याने आईकडून मामांचा नंबर घेतला आणि रात्री दोनला व्हॉट्सअॅपवरून पहिला फोन आला. "मामा, गेट उघडं राहिलंय." मग अडीचला. "मामा, कुत्रं आत आलंय." सव्वातीनला: "मामा, मान डावीकडे कलली." मुलगा संस्कारी आहे, प्रत्येक वेळी आधी 'नमस्कार' म्हणतो. सोसायटी खूश आहे. फुकटात रात्रीचा सुपरवायझर मिळाला, तोही अमेरिकेतला. खजिनदारांनी त्याच्या अभिनंदनाचा ठराव मांडला.

मामांचे डोळे खोल गेले. काल सकाळी ते सेक्रेटरींच्या दारात येऊन उभे राहिले.

"साहेब, त्या अमेरिकेत रात कवा पडते?"

"आपल्याकडे दिवस असतो ना, तेव्हा. का हो?"

मामांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"मग मला डे ड्युटी द्या."